बाकावरची झोप

१२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड. लहानपणी एवढी सवलत तू मला द्यायचीसच. आधी ऐकून घ्यायचीस, मग पाठीत धपाटा.

भावोजींचा निरोप पोचला. 'तुमच्या बायकोचं नाव यापुढे आमच्या घरात निघणार नाही.' त्यांनी फोनवर आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला शब्दाला शब्द सांगितलं आणि वर म्हणाले, "आवाज मात्र त्यांचा पार पडलेला होता." त्यामुळे भावोजींवर माझा राग नाही. सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाची मेहुणी अशी निघाली की खुर्ची हलते, हे मला कळतं. पण फोन चालू असताना तू कुठे होतीस? शेजारी उभी होतीस की स्वयंपाकघरात? ते मला कोणीच सांगितलं नाही. म्हणून लिहायला बसले.

तुझ्या कानावर काय काय आलं असेल कुणास ठाऊक, तेव्हा घडलं ते माझ्या तोंडून ऐक. सायकलच्या दुकानावरची आमची खोली तुला आठवत असेल. जिन्याला ग्रीसचा वास येतो म्हणून तू नाकाला रुमाल लावला होतास. तिथे आम्ही रविवारी सकाळी प्रार्थनेला जमतो. जमायचो. गेल्या वर्षी नवा हुकूम निघाला की अशा जमण्याला परवानगी लागेल. आम्ही परवानगी मागितली. त्यांनी ती दिली नाही, नाकारलीही नाही, नुसती लटकत ठेवली. परवाच्या रविवारी गाणं चालू असताना माणसांचा एक घोळका काठ्या घेऊन जिना चढून आला. खुर्च्या खिडकीतून खाली भिरकावल्या. त्यातली एक खाली उभ्या स्कूटरवर पडली, आरसा फुटला, आणि स्कूटर निघाली त्यांच्यातल्याच एकाची. मग त्यांचीच आपसात जुंपली. ताई, तशा अवस्थेतही मला हसू फुटलं.

पोलीस आले ते सगळं आटपल्यावर. नेलं मात्र आमच्या पाळकांना. तू त्यांना पाहिलं आहेस. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, ते किडकिडीत गृहस्थ. पहिल्याच भेटीत तू त्यांना "जरा पोटभर जेवत जा" म्हणाली होतीस. त्यांच्यावर आळ असा की ते लोकांना आमिष दाखवून, फसवून येशूच्या मागे लावतात. आता मला कोणी फसवलं, हे तुला तरी पटतं का? हवं ते मी तुझ्या ताटातूनही उचलायचे, आणि नको ते तू धपाटे घातलेस तरी गिळायचे नाही. जिला जे नको ते तिच्या गळी कोण उतरवणार?

तुझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला असेल की आपल्या तोफेने किती जणांची डोकी फोडली. बाबांनी ठेवलेलं नाव मी आजवर इमानाने चालवलं आहे. खरं सांगते, खुर्ची मीही उचलली होती. मारायलाच उचलली होती. पण आमच्यातल्या इस्त्रीवाल्या मावशी भिंतीला टेकून लटलट कापत होत्या. त्यांच्याकडे नजर गेली आणि खुर्ची त्यांच्यासाठी खाली ठेवली. का ठेवली ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी बरी आहे. उजव्या हाताचं बोट दारात सापडलं, म्हणून अक्षर असं तिरकं.

तुझीच
तोफ


७ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतंच, तरी टपालवाल्याची सायकल वाजली की मान वळते.

कवळ्या बनवायच्या लॅबमधलं काम सुटलं. मालक माणूस वाईट नाही. 'वरून' सांगणं आलं, असं म्हणाला. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होईना, म्हणून टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्याकडे बघून बोलत होता. मला वाटलं, आता तो जबडाच उत्तर देणार. माझ्या हातात तेव्हा एका आजीबाईंची कवळी होती. पुढच्या दोन दातांत फट ठेवा, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं, कारण त्यांच्या नवऱ्याने त्यांना त्या फटीसकट पसंत केलं होतं. मी म्हटलं, "एवढी पुरी करून जाऊ का?" मालकाने मान हलवली आणि बाहेर निघून गेला.

ती कवळी करायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मेणावर एकेक दात बसवताना बोट वळेना. तर ते बोट. दार नव्हतं, ताई, काठी होती. हाड जरासं सरकलं होतं, आता बसलंय. तुला खोटं का लिहिलं? तू कापडाची पट्टी घेऊन धावत सुटशील असं वाटलं. म्हणजे बघ, तू बोलत नसलीस तरी माझ्या मनात तू अजून धावतच येतेस.

त्या खोलीला पोलिसांनी सील ठोकलं, म्हणून आता आम्ही आमच्याच घरी जमतो. थोडेच उरलो आहोत. पडदे ओढतो आणि गाणं इतक्या हळू म्हणतो की इस्त्रीवाल्या मावशी, ज्यांना कमी ऐकू येतं, त्या पुढच्या गाण्यात गेलेल्या असतात आणि आम्ही मागच्यात. आमचे हे आत येत नाहीत. त्यांचा यात विश्वास नाही, असं ते स्पष्ट सांगतात. पण आम्ही आत बसलो की हे दाराबाहेर स्टूल टाकून बसतात आणि बुटांना पॉलिश करतात. बस चालवणाऱ्या माणसाचे एवढे चकचकीत बूट साऱ्या डेपोत कुणाचे नसतील.

परवा चौकीवरचा हवालदार घरी आला. ह्यांना म्हणाला, "बायकोला आवरा. प्रार्थना-बिर्थना सोडायला सांगा." ह्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाले, "साहेब, पूर्वी ही रागावली की मी दोन-दोन फेऱ्या जादा मारायचो, घरी यायला लागू नये म्हणून. ही प्रार्थना करायला लागली आणि मी वेळेवर घरी यायला लागलो. तुम्ही ती बंद कराल. पण मग जी बाई परत येईल ना, ती मला झेपली नाही, तुमच्या खात्यालाही झेपणार नाही."

हवालदार पाणी पिऊन गेला.

आता तू म्हणशील, झाली बाई संत. छे. शांतीची गाणी गातो आणि जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून दाराची कडी चाचपते. समोरची शेजारीण, जिच्या मुलाच्या तापात मी उशाशी बसले होते, ती आता जिन्यात भेटली की भिंत न्याहाळते. तिला चार शब्द सुनवावेत असे ओठावर येतात. गिळते. काही दिवस गिळले जातात, काही दिवस घशाशी अडकतात. पण पूर्वी गिळायचा प्रश्नच नव्हता, एवढं तूही कबूल करशील.

तुझी
तोफ


१६ एप्रिल

ताई,

मला पोलिसांनी कोठडीत आणलं आहे. मी ठीक आहे. जेवण मिळतं. हे पत्र तपासून पुढे जाईल. तपासणाऱ्या साहेबांना नमस्कार. साहेब, माझी बहीण कडक स्वभावाची आहे, पत्रावर डाग पडलेला तिला चालत नाही, तेव्हा चहा जरा लांब ठेवा.

आणखी लिहायची मुभा नाही.

तोफ


२९ एप्रिल

ताई,

हे पत्र तपासणीतून येणार नाही. माझ्या कोठडीत एक खिसेकापू बाई आहे, ती उद्या सुटते आहे. जन्मभर दुसऱ्याच्या खिशातून काढत आले, आता टपालपेटीत टाकून बघते कसं वाटतं ते, असं म्हणाली. तेव्हा सगळं मोकळेपणाने लिहिते.

त्यांना माझी एक सही हवी आहे. जबाब त्यांनीच तयार ठेवला आहे. पाळकांनी मला नोकरीचं आणि पैशाचं आमिष दाखवलं, घरच्यांविरुद्ध भडकवलं, आणि माझी चूक मला कळली आहे, असं त्यात लिहिलं आहे. सही केली की मी घरी, लॅबमधली जागा परत, भावोजींच्या बढतीतला खडा दूर. आणि पाळक आत, कितीतरी वर्षं. त्यांची तब्येत तू पाहिली आहेस. ते बाहेर येणार नाहीत.

चौकशीचा साहेब वयस्कर आहे. पहिल्या दिवशी त्याने आरडाओरडा केला नाही. एक कागद वाचून दाखवला आणि माझ्यापुढे धरला. भावोजींनी लिहून दिलेला, की या बाईशी आमचा काही संबंध नाही. खाली भावोजींची सही होती, आणि तिच्या खाली तुझी.

तुझं अक्षर मी ओळखणार नाही का? त्याच अक्षरात तू माझ्या पाटीवर पहिली बाराखडी काढून दिली होतीस.

काठीने लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. कोठडीत आले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. आधी रडले, मग संतापले. तुझ्यावर, भावोजींवर, साहेबावर, आणि खरं सांगते, प्रभूवरसुद्धा. खिसेकापू बाई म्हणाली, "काय गं, तुझा देव रजेवर गेला काय?" मी म्हटलं, "गप बस." जुनी तोफ पुरती शाबूत होती. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही, प्रार्थना तर नाहीच. मनात नुसती उत्तरं रचत बसले. साहेब असं म्हणाला तर मी तसं म्हणेन, ताई भेटली तर असं सुनवीन.

मग एका दुपारी मला परत बोलावलं आणि साहेबाच्या खोलीबाहेर बाकावर बसवून ठेवलं. बसवून ठेवणं हीच तिथली रीत आहे. आतून आवाज येतात, माणसं घाबऱ्या चेहऱ्याने आत जातात, त्याहून घाबऱ्या चेहऱ्याने बाहेर येतात, आणि आपण आपली पाळी केव्हा म्हणून बसायचं. समोर एक टंकलेखनवाला टकटक करत होता. वर पंखा कुरकुरत होता. मी माझी उत्तरं पुन्हा घोकायला घेतली आणि एकही आठवेना. सगळी पार पुसली गेली. तेव्हा मी फक्त एवढंच म्हटलं, "प्रभू, माझ्याजवळ काही उरलेलं नाही. आता तूच बघ." यात भक्ती वगैरे काही नव्हती. दिवसभराचं ओझं घरी आणून बाई दारातच पिशवी टाकते ना, तसं टाकलं.

आणि मला झोप लागली.

हसू नकोस. डुलकी नव्हे, गाढ झोप. येशू वादळात होडीत झोपला होता, ती गोष्ट मी तुला सांगितली होती तेव्हा तू म्हणालीस, "थकला असेल बिचारा." मला तेव्हा तुझं म्हणणं अगदीच वरवरचं वाटलं होतं. आता वाटतं, बरोबरच होतं. थकलेला होता आणि बापाच्या घरात असल्यासारखा निर्धास्त होता. दोन्ही. मी जागी झाले ती शिपाई खांदा हलवत होता म्हणून. "बाई, उठा. साहेब म्हणताहेत, घोरणं आत ऐकू येतंय, काम सुचत नाही."

आत गेले. साहेब माझ्याकडे बघतच राहिला.

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते, साहेब. पण झोपही आली."

"नाटक करतेस?"

"घोरण्याचं नाटक करायचं तर जरा बऱ्या आवाजात केलं असतं."

बाहेर टंकलेखनवाला खोकला. साहेबाने टेबलावर हात आपटला आणि पुष्कळ बोलला. पण ताई, पहिल्यांदा मला त्याच्याकडे नीट बघता आलं. त्याची वरची कवळी सैल आहे. 'स' म्हटलं की टक वाजते. बोलताना एक गाल आतून चावला जात असणार, कारण मध्येच तो डोळे मिटून घ्यायचा. पहिल्या दिवशी मला तो डोंगराएवढा दिसला होता. आता दिसला एक म्हातारा, ज्याचं तोंड सोललेलं आहे आणि जो घरी जाऊन कोमट पाणी पिणार आहे. मला त्याची दया आली. दाखवायची म्हणून नव्हे, खरोखरीची. त्याच्यासाठी मी उभ्या उभ्या मनात प्रार्थना केली. त्याला कळलंही नाही.

सही केली नाही. करणार नाही. त्या कागदावरचं एकही वाक्य खरं नाही, आणि मी पाळकांच्या आयुष्याच्या मोबदल्यात घरी जाऊन जेवू शकणार नाही.

तुझ्या सहीबद्दल एकच सांगते. मनावर घेऊ नकोस. तुझ्यापुढे काय काय ठेवलं असेल, ते त्या बाकावर बसल्यावर मला कळलं.

खिसेकापू बाई घाई करते आहे.

तुझी
तोफ


१४ मे

ताई,

तू आलीस, बोललीस, मारलंस आणि निघून गेलीस. मला चार वाक्यंसुद्धा धड बोलता आली नाहीत. भेटीच्या खोलीत मध्ये ते टेबल, कोपऱ्यात पहारेकरीणबाई, आणि तू पर्समधून तोच जबाब काढून माझ्यापुढे सरकवलास तेव्हा मला तुझ्या हाताकडे बघवेना. केवढ्या शिरा दिसतात आता.

"सही कर," तू म्हणालीस. "माझ्यासाठी कर. आईच्या माघारी मी तुझ्यासाठी काय काय केलं, ते आजवर बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. कर सही."

मी नाही म्हटलं आणि हसले. तुला वाटलं, मी तुझं म्हणणं हसण्यावारी नेलं. तसं नव्हतं गं. तू आलीस म्हणून हसू आलं होतं. आणि तू ठेवून दिलीस एक.

ते तुला माहीतच आहे. पण पुढचंही मला कळलंय, हे तुला माहीत नाही. पहारेकरीणबाईने मला नंतर सांगितलं. तू बाहेर गेलीस, साहेबाच्या खोलीत शिरलीस आणि तो कागद टेबलावर ठेवून म्हणालीस, "हिला मी वाढवलंय. ही अंगावर धावून येईल, दोन दिवस उपाशी राहील, पण लिहून खोटं देणार नाही. पाचवीत असताना परीक्षेत कॉपी केली नाही म्हणून नापास झाली होती. तुम्ही दुसरं काहीतरी शोधा." साहेब म्हणाला, "तुमच्या यजमानांनी तर..." आणि तू म्हणालीस, "त्यांचं त्यांना विचारा. माझी तिथली सही मी मागे घेते. कुठे लिहायचं ते सांगा."

पहारेकरीणबाई सांगताना डोळे मोठे करत होती. म्हणाली, "तुमच्या घरात तोफ नक्की कोण?" हे पत्रही तीच गुपचूप बाहेर टाकणार आहे.

भावोजी काय म्हणतील ताई? त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते आहे. त्यांना सांगू नकोस, आणखी घाबरतील.

तुझी


२ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं. टपालवाल्याला मी चहा पाजला आणि पत्र आधी नुसतं हातात धरून बसले.

घरी येऊन आता थोडे दिवस झाले. खटला उभा राहिला तेव्हा आमिषाचा आरोप टिकलाच नाही. आमच्यातल्या एकाने तसल्याच जबाबावर सही केली होती. कोणी ते विचारू नकोस. एकट्याच्या सहीवर न्यायाधीशांना भागेना, आणि तोही कोर्टात उभा राहिल्यावर रडला. शेवटी विनापरवाना जमवाजमव एवढंच उरलं. मला आतले दिवस शिक्षेत धरून सोडलं, पाळकांना हिवाळ्यापर्यंत राहावं लागेल. परवा भेटायला गेले होते. ते म्हणाले, "तुमच्या ताईंना सांगा, इथे दोन वेळा वेळेवर जेवतो, अंगावर जरा मांस आलंय." सही करणारा आता परत येऊन बसतो. पहिल्या रविवारी तो दारातच घुटमळला. मावशींनी त्याचा हात धरून त्याला मधल्या खुर्चीत बसवलं आणि कमी ऐकू येत असल्यामुळे, त्याने काय माफी मागितली ती त्यांना मुळी ऐकूच आली नाही. बरं झालं.

लॅबमधली जागा गेली ती गेली. मी घरातच मागच्या गॅलरीत छोटं टेबल टाकलं आहे. दुरुस्तीची कामं येतात. मागच्या जिन्याने येतात, पण येतात. सगळं निवळलं असं मात्र समजू नकोस. खोलीचं सील तसंच आहे. दर सोमवारी चौकीत हजेरी द्यावी लागते. पुन्हा नेतीलही. तू लिहिलं आहेस की भावोजींची बढती अडली, आता ते बागेत कुंड्या हलवत बसतात आणि तुझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. मला वाईट वाटावं की बरं, ते कळेना.

तुझा तो प्रश्न. 'मी तुझ्या थोबाडीत मारली तेव्हा तुला राग कसा नाही आला? लहानपणी मी एक दिली तर तू दोन द्यायचीस. ते कुठे गेलं? मला ते हवं होतं गं. तू मला परत मारलं असतंस तर मी सुटले असते.'

ताई, राग आला. कसा येणार नाही? गाल तापला आणि हात टेबलावरून वर उठलासुद्धा. राग अगदी उंबऱ्यापर्यंत आला. पण आत जागाच नव्हती. त्या दुपारी बाकावर मी सगळं खाली टाकलं, तेव्हा त्या रिकाम्या जागेत कोणीतरी येऊन बसलं होतं. ते उठून गेलेलं नाही. मी भांडले, चिडले, घाबरले तरी ते उठत नाही. मला वाटायचं, शांती म्हणजे सगळं सुरळीत झाल्यावर मिळणारी विश्रांती. तशी नाही. ती माणसासारखी आहे. शेजारी बसते. म्हणून तो उठलेला हात मी तुझ्या हातावर ठेवला. मारायला निघालेला होता तो, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तुझी तोफ कुठे गेलेली नाही. फक्त तिचं तोंड आता ती स्वतः वळवत नाही.

आणि सुटण्याचं म्हणशील तर तू कधी अडकलीच नव्हतीस. माझ्याकडून तर नाहीच.

तू विचारलंस, यायला जमेल का, आलेलं चालेल का, कुणी बघितलं तर काय. बघितलं तर बघू दे. रविवारीच ये. आमचे हे दाराबाहेर स्टुलावर असतील, त्यांना तुझे बूट दे, चकाचक करून देतील. दार वाजवत बसू नकोस. मला न्यायला आले तेव्हा त्यांनी कडी तोडली. हे रोज म्हणतात, नवी आणतो. मी म्हटलं, राहू द्या. नुसतं ढकल, उघडेल.

वाट पाहते.

तुझी धाकटी